खंड्याचा गळा

व्हर्जिनियात हरणांच्या शिकारीचा हंगाम जानेवारीच्या सुरुवातीला संपतो आणि पुढच्या काही दिवसांत गावाकडच्या काउंट्यांमधली शेल्टरं हाउंड कुत्र्यांनी भरून जातात. ब्लू रिज डोंगररांगेच्या पूर्वेला कुत्री सोडून हरीण उठवायची पद्धत अजून चालू आहे. पहाटे पिकअपच्या मागच्या पेट्यांमधून कुत्री रानात सोडतात. ती वास धरतात आणि गळा काढत मैलोन् मैल धावत सुटतात. संध्याकाळी सगळी परत येतातच असं नाही. बरेच शिकारी कुत्र्याला जिवापाड जपतात. रात्र पडली तरी हाका मारत हिंडतात, आणि नाहीच सापडलं तर जिथून सोडलं तिथे अंगातला कोट टाकून जातात. धन्याच्या वासावर कुत्रं फिरून तिथे येतं आणि सकाळी कोटावर झोपलेलं सापडतं. कुत्रं दुसऱ्याच्या मालकीच्या रानात शिरलं तर बंदूक न घेता, पायी जाऊन त्याला आणायची मुभा इथल्या कायद्यानेच दिली आहे. पण काही कुत्र्यांना शोधायला कोणीच येत नाही. वय झालेलं, बाराच्या आवाजाला बिचकणारं, हरीण सोडून खारीमागे जाणारं कुत्रं हरवलं तर ते हरवूनच जातं.

खंड्या त्यांतलाच असावा. वॉशिंग्टन डीसीच्या उपनगरातल्या आमच्या घरापासून तीन तासांवर, दक्षिणेकडच्या एका काउंटीत तो रस्त्याकडेला सापडला. गळ्यात पट्टा होता, पट्ट्यावरची पत्र्याची पाटी मात्र नव्हती. मोकाट सापडलेल्या कुत्र्यासाठी शेल्टरने पाच दिवस मालकाची वाट बघायची आणि पट्ट्यासारखी काही खूण असेल तर आणखी पाच, असा व्हर्जिनियाचा नियम आहे. ती मुदत उलटली. कोणी आलं नाही. मग हाउंड सोडवून आणणाऱ्या एका संस्थेने त्याला उत्तरेकडे आणलं आणि आमच्या अर्जाशी त्याची गाठ पडली. अर्ज बारकाईने तपासतात. घर स्वतःचं का भाड्याचं, कुंपण किती उंच, दिवसभर घरी कोण असतं, सगळं विचारतात. एक स्वयंसेविका घर पाहून गेली, अंगणाच्या फाटकाची कडी तिने स्वतः ओढून बघितली. मला ते फार बरं वाटलं. मुलगी देताना माणसं स्थळ बघतात, तसंच हे चाललं होतं.

त्याच्या कार्डावर ‘हँक, बीगल मिक्स, वय सुमारे सात’ असं लिहिलेलं होतं. कान लांब आणि अंगावर काळा-पांढरा-तांबूस रंग असला की इथे सरसकट बीगल मिक्स लिहितात, कारण बीगल म्हटलं की लोक थांबून बघतात. बीगल सशामागे धावायला घडवलेला, पायी चालणाऱ्या शिकाऱ्याच्या सोबतीचा. खांद्याशी पंधरा इंचांच्या वर जाऊ नये असा इथल्या केनेल क्लबचा दंडक आहे. हा तर गुडघ्याच्या वर येत होता. पुढे गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून तपासणी केली तेव्हा तीन कुळं निघाली: अमेरिकन फॉक्सहाउंड, ट्रीइंग वॉकर कूनहाउंड आणि थोडासा बीगल. यातला फॉक्सहाउंड हा व्हर्जिनियाचा राज्यकुत्रा आहे, 1966 पासून. त्याच्या घडणीत जॉर्ज वॉशिंग्टनचा मोठा हात आहे. 1785 मध्ये त्याचा फ्रेंच मित्र लाफाएत याने त्याला फ्रान्सहून मोठाले हाउंड पाठवले आणि त्याने माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावर ते आपल्या कुत्र्यांशी जुळवले. माउंट व्हर्नन आमच्या घरापासून फार लांब नाही. तिथल्या हिरवळीवर खंड्या नाक टेकवून चालला की मला वाटे, याच्या पणज्याचाही पणजा इथेच कुठेतरी धावला असेल.

खंड्या हे नाव सासूबाईंनी ठेवलं. त्या वाईच्या. घरचं दैवत खंडोबा, आणि खंडोबाचं कुत्रं घरात आलं तर त्याला ‘हँक’ म्हणून हाक मारायची हे त्यांना पटेना. त्या दर उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येतात. खंड्या आला त्या वर्षी मे महिन्यात डलस विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशी उभ्या असताना अंगात जाकीट घातलेला एक बीगल त्यांच्या हातातल्या पिशवीपाशी आला, ती हुंगून गपकन खाली बसला. भुंकला नाही, ओरबाडलं नाही. बसणं हीच त्याची खूण. अधिकाऱ्याने पिशवी उघडली. आत फळ नव्हतं. पण त्याच कापडी पिशवीतून आठवडाभर बाजारातून हापूस आणलेला होता, त्याचा वास धाग्यांत मुरलेला. ही कुत्र्यांची तुकडी अमेरिकेच्या कृषी खात्याने 1984 मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर सुरू केली. जॉर्जियातल्या न्यूनान गावी त्यांची शाळा आहे आणि सुरुवातीला त्यांना पाच वास शिकवतात: सफरचंद, लिंबूवर्गीय फळं, आंबा, डुकराचं मांस आणि गोमांस. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या आंब्याशीच अडकल्या. “आंबा शिकवतात? मग शहाणाच म्हणायचा तो.” यातले कितीतरी कुत्रे शेल्टरमधूनच निवडून नेलेले असतात. कोणाच्या तरी घरी कचऱ्याचा डबा उपसतो म्हणून सोडून दिलेला कुत्रा, त्याच नाकाच्या जोरावर एका देशाच्या बागा सांभाळतो. मला या गोष्टीचा मनापासून आनंद होतो.

सासूबाई आल्या तेव्हा खंड्या आजारी होता. दक्षिणेकडून आलेल्या हाउंडमध्ये हार्टवर्म वारंवार सापडतो. हा डासांतून पसरणारा जंत हृदयात आणि फुप्फुसाच्या धमन्यांत वाढतो, शेवयांसारखा लांब होतो, आणि पाच-सात वर्षं जगतो. महिन्याला एक गोळी दिली की तो होतच नाही. पण रानात बाहेर बांधलेल्या कुत्र्याला ती गोळी कोण देणार? झाल्यावरचा इलाज कठीण. आधी महिनाभर प्रतिजैविक, मग कमरेच्या स्नायूत खोलवर आर्सेनिकयुक्त औषधाचं इंजेक्शन, महिन्याने लागोपाठ दोन दिवस आणखी दोन. औषधापेक्षा भीती त्याच्यानंतरची. मेलेले जंत तुटून फुप्फुसात अडकतात, आणि कुत्रं धावलं, उड्या मारल्या, नुसतं जोरात भुंकलं तरी जीव जाऊ शकतो. म्हणून काही महिने त्याला हलू द्यायचं नाही. धावण्यासाठीच जन्माला घातलेल्या जातीला हे सांगायचं!

ते काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. तोवर त्या कुत्र्याला हात लावत नव्हत्या. वाईच्या घरात कुत्रं अंगणापर्यंतच. स्वयंपाकघराशेजारी तारेचा मोठा पिंजरा ठेवला होता, त्याच्यापाशी त्या खुर्ची घेऊन बसायच्या. मटार सोलायच्या, फुलवाती वळायच्या, पोथी वाचायच्या. इंजेक्शनच्या जागी त्याची कंबर सुजली होती, पाठ कमानीसारखी वाकवून तो उभा राहायचा, बसताच यायचं नाही. सासूबाई हळूहळू म्हणायच्या, “बस रे बाबा, बस. टेक आधी पुढचे पाय.” आणि तो खरोखर आधी पुढचे पाय टेकायचा, मग थरथरत मागचा भाग खाली सोडायचा. एकदा मी संध्याकाळी घरी आले तर पिंजऱ्याचं दार उघडं होतं, त्या जमिनीवर सतरंजी टाकून बसल्या होत्या आणि त्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. डाव्या कानाच्या कडेला काटेरी तारेने चिरल्याचा जुना दात्र्या-दात्र्यांचा व्रण होता. त्यावर त्या बोटाने खोबरेल लावत होत्या. मला बघून म्हणाल्या, “अगं, याने किती सोसलंय बघ.”

तोवर त्याचा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता. शेल्टरमधून आलेले हाउंड पहिले काही आठवडे, कधी कधी महिने, गप्प असतात. लोकांना वाटतं, छान, शांत कुत्रा मिळाला. तो शांत नसतो, बावरलेला असतो. या घरात राहायचंय अशी खात्री पटली की मग गळा उघडतो. खंड्याचा उघडला तो तपासणीत रक्त स्वच्छ निघाल्यावर, पानगळीत, कुंपणापलीकडून लाल कोल्हा गेला तेव्हा. आधी घशात खरखर, मग मान वर करून इतकी लांब, गोल, चढती हाक की कपाटातली भांडी वाजली असं वाटलं. सासूबाई देवघरातून धावत आल्या. कुत्रं रडलं की अशुभ, हे लहानपणापासून मनात बसलेलं. “रडतोय का हा? कोणाचं काही वाईट तर…” नवऱ्याने समजावलं की हे रडणं नाही, कामाची हाक आहे, रानात मागे राहिलेल्या माणसाला तो सांगतोय की मी इथे आहे, वास सापडलाय, या. त्या विचारात पडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं आणि म्हणाल्या, “खरंय. रडण्यात आशा नसते. यात आहे.”

पुढे त्यांना त्याची भाषा आमच्यापेक्षा आधी कळू लागली. जुना, विरलेला वास असला की तो मध्ये मध्ये थांबून एकेक हेल सोडायचा. ताजा असला की हेलाला हेल लागायचा. आणि खार झाडावर चढली की मेपलच्या बुंध्याला पुढचे पाय लावून, वर बघत, तोडून तोडून भुंकायचा, कुऱ्हाडीचे घाव पडावेत तसा. वासावर लांब हेल आणि झाडाखाली तुटक आवाज ही कूनहाउंडची ओळख. कापसाच्या बोळ्याच्या तपासणीचा निकाल यायच्या आधीच ती त्याने सांगितली होती. सासूबाई पोळी लाटता लाटता आतूनच म्हणत, “खार आहे,” किंवा “कोल्हा येऊन गेलाय रात्री.”

शेजारच्या भिंतीपलीकडून तक्रारही आली, आणि ती रास्त होती. रात्रपाळी करणाऱ्याची झोप मोडत होती. हाउंडचा गळा बंद करायला गळ्यात धक्का देणारे पट्टे मिळतात. आम्ही तो मार्ग घेतला नाही आणि कोणी घेऊ नये असं मी कळकळीने सांगते. नाकाला काम दिलं की गळा आपोआप निवतो. सकाळी उकडलेल्या चिकनचे बारके तुकडे अंगणात पानांखाली, विटांच्या खाचेत, उलट्या कुंडीखाली लपवायचे आणि त्याला सोडायचं. फिरायला नेलं की भराभर चालवायचं नाही. तो जिथे थांबेल तिथे थांबायचं, एकाच झुडपाशी पाच मिनिटं लागली तरी लागू द्यायची. असं केलं की तो घरी येऊन दुपारभर झोपायचा. साखळी मात्र कधीही सोडायची नाही. हाउंडने वास धरला की त्याला हाक ऐकू येत नाही असं नाही. ती त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणि स्वयंपाकघरात मनुका, बेदाणे, कांदा त्याच्या तोंडाला लागेल असं ठेवायचं नाही, ही कुत्र्याला विषं आहेत. दिवाळीत रव्याचे लाडू म्हणूनच आमच्याकडे बेदाण्याविना व्हायला लागले.

2022 च्या उन्हाळ्यात आमच्याच राज्यात, कंबरलंडला, प्रयोगशाळांना बीगल पुरवणाऱ्या एका मोठ्या प्रजनन केंद्रातून न्यायालयाच्या हुकमाने सुमारे चार हजार बीगल बाहेर काढले. तिथली अवस्था सरकारी तपासनिसांनी नोंदवली होती. ते केंद्र चालवणाऱ्या कंपनीने 2024 मध्ये गुन्हा कबूल केला आणि साडेतीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायची पाळी तिच्यावर आली. प्रयोगांसाठी बीगलच का? कारण तो आटोपशीर असतो, आणि दुखवलं तरी दुखवणाऱ्याचा हात चाटतो. हे वाक्य लिहितानाही माझा घसा दाटतो. ही कुत्री देशभरच्या शेल्टरांत गेली आणि घरं द्यायला लोकांनी रांगा लावल्या. आमच्या मागच्या गल्लीतही एक आली. कानाच्या आत क्रमांक गोंदलेला. तिने गवत कधी पाहिलंच नव्हतं. पायरीच्या कडेला उभी राहून एक पाय पुढे करायची आणि मागे घ्यायची. खंड्या तिच्या अंगणात गेला, गवतात आडवा झाला, पाठ घासली, आणि उठून तिच्याकडे न बघता कुंपणाच्या कडेने हुंगत निघाला. थोड्या वेळाने ती त्याच्या मागोमाग चालत होती, त्याच्या प्रत्येक पावलावर पाऊल ठेवून.

त्या रांगांचं मला कौतुकच आहे. पण त्याच महिन्यांत त्याच राज्यातल्या काउंट्यांच्या शेल्टरांत खंड्यासारखे आठ वर्षांचे, कान फाटलेले, हार्टवर्म झालेले हाउंड बसून होते आणि त्यांच्यासाठी कोणी अर्ज केले नव्हते. पिल्लू बातमीत येतं. म्हातारा हाउंड येत नाही. ज्याला घरात कुत्रं आणायचं आहे त्याने शेल्टरच्या मागच्या रांगेपर्यंत चालत जावं, पुढच्या पिंजऱ्यांतली गोजिरी पिल्लं ओलांडून. मागे बसलेला मोठा हाउंड बहुधा उठून दाराशी येणारही नाही. कारण बोलवल्याशिवाय जवळ जायचं नाही, हे त्याला कोणीतरी शिकवलेलं असतं.

खंड्या आमच्याकडे चौदा वर्षांचा होईपर्यंत जगला. शेवटच्या वर्षी मूत्रपिंडं थकली, कान गेले, मागचे पाय गेले. नाक गेलं नाही. सासूबाई वाईला असल्या की त्यांची आणि त्याची रोजची भेट फोनवर व्हायची. पडद्याकडे तो बघायचा नाही, पण त्यांची शाल खोक्यातून काढून त्याच्यापुढे ठेवली की त्यात तोंड खुपसून पडून राहायचा. तो गेला तेव्हा व्हेट घरी आली होती. सासूबाईंनी वाईत त्या दिवशी खंडोबाला भंडारा वाहिला.

त्यानंतर आम्ही फॉस्टर म्हणून नाव दिलं. शेल्टरमधून निघालेल्या हाउंडला कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायचं. ऑगस्टमध्ये पहिला आला, तांबूस रंगाचा, बारीक, डाव्या डोळ्यात फूल पडलेला. हार्टवर्म यालाही आहे. सासूबाईंना फोन केला. वय, रंग, आजार, मी सगळं सांगत होते, त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, “आवाज कसा आहे त्याचा?”

“अजून काढलेला नाही,” मी म्हटलं.

“मग थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “घाई करून कोणाला देऊन टाकू नका.”