अज्ञानखंडनापाशी थांबून

‘मी’ म्हणजे नेमके काय, या प्रश्नासाठी आज पुन्हा ज्ञानदेवांचा ‘अमृतानुभव’ उघडला. आधी एक बौद्ध संवाद आठवला. त्यात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो: चाक, आस, जू यांत रथ नेमका कुठला? तसाच ‘मी’ही. तर्क पटतो, पण मन मात्र कोरडे राहते. देव आणि आपण यांतले अंतर पुसणाऱ्या सूफी हल्लाजला बगदादमध्ये ९२२ साली ठार मारले गेले. तेव्हा ‘मी’चा हा प्रश्न नुसत्या तर्काचा नव्हेच.

मला ज्ञानदेव जवळचे वाटतात. अज्ञानच मुळात नाही, तर जगाला भ्रम कसे म्हणावे? हा सारा चैतन्याचाच विलास. म्हणजे शेजाऱ्याचा राग, माझी भीती, काहीच परके नाही. केवढा दिलासा! ‘मी’ पुसायचा, पण जग हाकलायचे नाही. जगालाच भ्रम मानणाऱ्या मायावादापेक्षा हे मला अधिक खरे वाटते.

‘अमृतानुभवा’चे सातवे प्रकरण, अज्ञानखंडन, सावकाश वाचा. अज्ञान खोडून झाल्यावर आठव्यात ज्ञानदेव ज्ञानही खोडतात.