मल्लिक बाजारची हवा

जानेवारीतील सकाळ. कोलकात्यात रात्रीचे तापमान बारा-तेरा अंशांपर्यंत उतरलेले असते. बंगाली बाबूंच्या डोक्यावर माकडटोप्या चढलेल्या असतात. पार्क स्ट्रीट जिथे आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गाला मिळतो, तिथल्या चौकात धुके अजून रेंगाळत असते आणि त्या धुक्यातून एकामागून एक मोटारसायकली सुरू झाल्याचे आवाज येऊ लागतात. कुणी फटफटते, कुणी खोकते, कुणी दोन-चार आचके देऊन गप्प बसते. मल्लिक बाजार जागा होतो आहे.

हा भाग मराठी माणसाला अगदीच परका नाही. जगदीशचंद्र बोस मार्गाचे जुने नाव लोअर सर्क्युलर रोड. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा 1742 मध्ये धास्तावलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो ‘मराठा डिच’ कधी पुरा झालाच नाही. 1799 मध्ये तो बऱ्याच अंशी बुजवून सर्क्युलर रोड तयार करण्यात आला. त्याच सर्क्युलर रोडच्या दक्षिणेकडील भागावर हा बाजार आहे. शेजारीच 1767 मध्ये सुरू झालेली साउथ पार्क स्ट्रीटची दफनभूमी. एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स तिथे उंच मनोऱ्याखाली विसावले आहेत. भिंतीच्या आत माणसांची चिरविश्रांती, तर बाहेर यंत्रांचा पुनर्जन्म!

मल्लिक बाजार म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे माहेरघर. मोडीत निघालेल्या गाड्या इथे येतात, उकलल्या जातात आणि त्यांचे दिवे, दारे, गिअर, पिस्टन दुसऱ्या गाड्यांच्या पोटात जाऊन पुन्हा धावू लागतात. पण हिवाळ्यात इथल्या दुचाकीच्या मिस्त्र्यांकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांची तक्रार वेगळीच असते. सुटा भाग नको असतो. गाडी कालपर्यंत ठीक होती. आज मात्र दम धरत नाही.

मिस्त्री गाडी ऐकतो आणि दोन गोष्टी विचारतो. सायलेन्सर बदलला का? आणि गाडी कुठे न्यायची आहे?

या दोन प्रश्नांत सगळे शास्त्र आले. पेट्रोलचे इंजिन पेट्रोलपेक्षा हवाच जास्त खाते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत बोलायचे, तर एक लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! हे प्रमाण जमवण्याचे काम कार्ब्युरेटर करतो. आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या झोताबरोबर पेट्रोल एका बारीक छिद्रातून वर खेचले जाते. ते छिद्र असलेला पितळी तुकडा म्हणजे ‘जेट’. तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा जीव, पण इंजिनाचे आयुष्य त्याच्या हाती. जेटवर 90, 95, 100 असे आकडे कोरलेले असतात. आकडा वाढला की छिद्र मोठे आणि पेट्रोल जास्त.

आता मूळ सायलेन्सर काढून मोकळा, गडगडाटी आवाजाचा सायलेन्सर बसवला की काय होते? जळालेला वायू अडथळ्याशिवाय बाहेर पडतो आणि त्या जागी ताजी हवा अधिक भरते. जेट मात्र जुनाच असतो. हवा वाढली, पेट्रोल तेवढेच राहिले. मिश्रण पातळ झाले. आवाज दमदार येतो, मालक खूश होतो आणि आत इंजिन तापू लागते. मोटार वाहन कायद्याचे 1988 सालचे कलम 52 कंपनीने दिलेल्या रचनेत असे मनमानी बदल करू देत नाही, ही गोष्ट वेगळीच. रस्त्यावर गाठणारा पोलीस पावती फाडतो. पण पातळ मिश्रण पिस्टन फाडते.

मिश्रण दोन्ही बाजूंनी बिघडू शकते. पण दोन्ही चुका सारख्या नाहीत. पेट्रोल जास्त झाले, तर गाडी काळा धूर सोडते, प्लग काजळतो, अ‍ॅव्हरेज घसरतो. ही चूक खिशाला लागते. पेट्रोल कमी झाले, तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. कधी कधी तर गाडी नेहमीपेक्षा चपळ वाटते. मग भर वेगात पिस्टनचा माथा वितळतो किंवा पिस्टन सिलिंडरला चिकटून बसतो. टू-स्ट्रोक गाडीत धोका दुप्पट, कारण तिथे वंगणाचे तेलही पेट्रोलबरोबरच आत जाते. इंजिन जागच्या जागी जखडले की मागचे चाक अडकते आणि महामार्गावर स्वार फेकला जातो. म्हणूनच 1985 ते 1996 या काळात भारतात बनलेल्या आणि आजही जिवापाड जपल्या जाणाऱ्या यामाहा आरएक्स 100 ला कुणी मोकळा पाइप लावून आणला, तर अनुभवी मिस्त्री आधी जेट बदलतो, मगच रेस देतो.

ऋतू बदलला की

सायलेन्सर माणूस बदलतो. हवा निसर्ग बदलतो. थंड हवा दाट असते, गरम हवा विरळ. कोलकात्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीजवळ जातो. त्या दुपारच्या तुलनेत जानेवारीतील पहाटेची हवा सुमारे दहा टक्क्यांनी दाट असते. त्यात उन्हाळ्यात हवेतील बाष्प ऑक्सिजनची आणखी दोन-तीन टक्के जागा अडवते. म्हणजे मे महिन्यात नेमका जुळवलेला कार्ब्युरेटर जानेवारीत थोडा उपाशी पडतो. दाट हवेबरोबर पेट्रोलही थोडे अधिक खेचले जाते, त्यामुळे निम्मी चूक आपोआप भरून निघते. उरलेली निम्मी मिस्त्रीने भरायची.

जगात या विद्येची खरी परीक्षा होते ती बर्फात. कॅनडा, अमेरिका या देशांत बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइल गाड्यांपैकी कार्ब्युरेटरच्या जुन्या मॉडेलांबरोबर तक्ते येत. एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला समुद्रसपाटीपासूनची उंची आणि मधल्या चौकटीत जेटचा आकडा. पारा शून्याखाली जितका उतरेल, तितका जेट मोठा. डोंगर जितका उंच, तितका जेट लहान. सकाळी उणे तीस अंशांत निघालेल्या गाडीचा हिशेब दुपारच्या उन्हात बदलतो. कोलकात्यातील मिस्त्र्याकडे असा छापील तक्ता नसतो. त्याचा तक्ता कानात आणि डोळ्यांत असतो.

त्याची पद्धत मात्र पक्की असते. आधी तो इंजिन गरम करतो. मग मूठ पिळण्याच्या अंतराचे भाग पाडतो. काही जण त्यासाठी मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणाही करतात. मूठ जेमतेम उघडलेली असताना गाडी अडखळली, तर दोष ‘पायलट जेट’चा किंवा बाजूच्या हवेच्या स्क्रूचा. मधल्या टप्प्यात अडखळली, तर सुई पाहायची. त्या सुईच्या डोक्यावर खाचा असतात. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. पूर्ण मूठ पिळल्यावर दम तुटला, तरच ‘मेन जेट’. एका वेळी एकच बदल करायचा आणि गाडी फिरवून आणायची, हा नियम. दोन बदल एकदम केले, तर कोणत्या औषधाने गुण आला ते कळत नाही.

शेवटचा निकाल प्लग देतो. पूर्ण वेगात एक फेरी मारायची, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करायचे आणि प्लग काढून पाहायचा. टोक काळे असेल, तर पेट्रोल जास्त. पांढरे फटक असेल, तर धोका. मातीच्या भांड्यातून मिळणाऱ्या इथल्या दुधाच्या चहासारखा रंग आला, तर जेट बरोबर. आणि जेट तुंबला, तर तारेने किंवा टाचणीने कोरायचा नाही. पितळ मऊ असते. छिद्र वाढते आणि 90 चा जेट नावापुरता 90 राहतो. हवेचा झोत मारून तो साफ करायचा.

मैदानातून डोंगरात

दुसरा प्रश्न होता, गाडी कुठे न्यायची आहे. हिवाळा आला की कोलकात्याच्या तरुणांना उत्तरेचे वेध लागतात. कृष्णनगर, बहरमपूर करीत फराक्का धरणावरून गंगा ओलांडायची, मालदा मागे टाकायचे आणि पाऊणशे कमी साडेसहाशे किलोमीटरवर सिलिगुडी गाठायची. तिथपर्यंत सारा सपाट मुलूख. सुकन्याचे साल-जंगल संपले की चढ सुरू होतो. कर्सियांग मागे पडते आणि घूम येते. उंची 2,258 मीटर. हवा मैदानापेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने विरळ. त्यापुढे मानेभंज्यांगवरून संदकफूला जायचे, तर उंची 3,636 मीटर आणि हवा जवळजवळ तीन दशांशाने विरळ. मुंबईहून महाबळेश्वरला स्कूटर नेणाऱ्यांनी जे थोडेसे अनुभवले असेल, ते इथे दुपटीने जाणवते. गाडी जड होते, खोकते, काळा धूर टाकते. हवा कमी, पेट्रोल तेवढेच. थंडीने हवा थोडी दाट होते खरी, पण उंचीचा हिशेब तिला पुरा करता येत नाही.

संदकफूच्या खडकाळ वाटेवर चहामळ्यांच्या काळातल्या जुन्या लँडरोव्हर प्रवासी वाहतात. त्यांपैकी अनेकींत पुढे डिझेल इंजिने बसवण्यात आली. डिझेलला कार्ब्युरेटर नसतो. त्यांनी हा प्रश्न मुळातूनच मिटवला. मोटारसायकलस्वाराला मात्र लहान जेट खिशात ठेवावा लागतो.

आणि खरी मेख इथेच आहे. डोंगरात लहान जेट घालून गाडी मजेत फिरली. चार दिवसांनी स्वार घाट उतरला. सिलिगुडीला पोहोचला. घरची ओढ, मोकळा रस्ता, पूर्ण पिळलेली मूठ. लहान जेट तसाच राहिला. वर हवा विरळ होती तेव्हा तो बरोबर होता. खाली दाट हवेत तोच जेट इंजिन जाळतो. म्हणून जाणता मिस्त्री दोन्ही जेट कागदाच्या पुडीत बांधून देतो आणि बजावतो की चढताना विसरलास तरी चालेल, उतरताना विसरू नकोस. चढणीची चूक गाडी बोलून दाखवते. उतरणीची चूक ती पोटात ठेवते.

बदलता काळ

या विद्येची गिऱ्हाइके आता कमी होत चालली आहेत. एके काळी कोलकात्याच्या गल्ल्यांत टू-स्ट्रोक ऑटोरिक्षांचा निळा धूर भरलेला असे. त्यात भेसळीचे इंधन घालण्याची चाल होती. ‘काटा तेल’ हे त्याचे बदनाम नाव. उच्च न्यायालयाच्या 2008 मधील आदेशानंतर 2009 मध्ये त्या रिक्षा रस्त्यावरून हटल्या आणि गॅसवर चालणाऱ्या फोर-स्ट्रोक रिक्षा आल्या. शहराच्या फुप्फुसांसाठी ते चांगलेच झाले. हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात बनणारी अ‍ॅम्बॅसडर 2014 मध्ये थांबली. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज-6 चे नियम लागू झाले आणि जवळजवळ सर्व नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली. ती हवेचे तापमान आणि दाब स्वतः मोजते आणि पेट्रोल त्या बेताने सोडते. घूम असो की गरियाहाट, स्वाराला खिशात पुडी ठेवावी लागत नाही.

मग मिस्त्र्याचे काम संपले का? कार्ब्युरेटरच्या बुलेट, आरएक्स आणि स्कूटर अजूनही घराघरांत आहेत. कुणाला ती वडिलांची आठवण, कुणाचे रोजचे पोट तिच्यावर. शिवाय नवा पेच आला आहे. 2025 मध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर पंपांवर नेहमीचे झाले. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला बाहेरची हवा कमी लागते. म्हणजे मोकळा सायलेन्सर न लावता, डोंगर न चढता-उतरता, जुन्या जेटचे मिश्रण पातळ होते. पंपावरच हवा बदलल्यासारखी! जुने रबरी वायसर आणि नळ्याही इथेनॉलने लवकर कुजू शकतात. जुनी गाडी सांभाळणाऱ्याने वर्षातून एकदा तरी प्लगचा रंग पाहून घ्यावा, हे आता पूर्वीपेक्षा अधिक खरे आहे.

ऊन वर येते. चौकातले धुके विरते. सकाळपासून खोकणारी एक बुलेट आता संथ, सारख्या ठेक्यात धडधडू लागलेली असते. मिस्त्री प्लग पुन्हा एकदा काढतो, उन्हात धरून पाहतो आणि मालकाच्याही हातात देतो. टोकाला चहाचा रंग आलेला असतो. गाडी सिलिगुडीच्या वाटेला लागते. तिच्या मालकाच्या खिशात कागदाची छोटी पुडी असते. पुडीत दोन जेट. एक चढणीचा, एक उतरणीचा.