उतरतं पाणी

झाडीपट्टीत वसंत आधी तलावात दिसतो, झाडांवर नंतर. पळसाला कळी धरायच्या आधी, माघातली थंडी अंगावर असतानाच, पाणी काठापासून मागे सरकायला लागतं. पारीच्या आतल्या बाजूला ओल्या चिखलाची पट्टी उघडी पडते, आठवड्या-आठवड्याने रुंद होते, आणि तिच्यावर तुतवार, शेकाट्या, बगळे चरायला उतरतात. पावसाळ्यात भरलेला तलाव सगळे पाहायला जातात. मला तो रिकामा होत जातानाचा आवडतो. पाणी जितकं सावकाश उतरेल, तितका आमचा वसंत लांबतो.

माझं माहेर गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, एका मामा तलावाच्या पारीखाली आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत असे तलाव हजारांनी आहेत, आणि त्यातले बरेचसे कोहळी समाजातल्या लोकांनी बांधलेले. गोंड राजांनी त्यांना इथे बोलावून घेतलं, जंगल काढून तलाव बांधणाऱ्याला जमीन दिली, आणि कोहळ्यांनी उतार बघून, टेकड्यांच्या मधोमध मातीच्या पारी घालून पाणी अडवलं. नवेगाव बांध त्यातला सगळ्यात नावाजलेला. आमचा तलाव त्याच्यापुढे लहानगा आहे, नकाशात शोधावा लागतो. पण पार तीच, पाणी सोडायचं तुडूम तसंच, जास्तीचं पाणी काढून देणारी सलांगही तशीच.

तुडुमाजवळ घाटाच्या दगडी पायऱ्या आहेत. आमचे आबा पारीवर फिरायला जायचे ते या पायऱ्यांसाठीच. गुडघे दुखायला लागल्यावर ते अंगणातूनच मला पाठवत. "पानी कोन्या पायरीवर आहे, पाहून ये वं." मी धावत जाऊन यायची आणि सांगायची. त्यांचा हिशेब साधा होता. होळीला खालून सातवी पायरी ओली असली तर गुरांचं वैशाखापर्यंत निभेल. ती होळीआधीच कोरडी पडली, तर तुडुमाचं खालचं भोक उघडायला ते कुणालाही देत नसत, मग समोरचा कितीही जवळचा नातलग असो. मला मात्र त्या पायऱ्यांत वेगळाच आनंद होता. वर्षातले सात-आठ महिने पाण्याखाली असलेली पायरी पहिल्यांदा उघडी पडली की तिच्यावर शेवाळाचा मऊ थर असायचा, फटीत शिंपल्या असायच्या, आणि दोन दिवसांत ऊन लागून ती तापायची. अनवाणी तिच्यावर उभं राहणं हा माझा वसंताचा पहिला स्पर्श. तापलेला दगड, आणि एक पायरी खाली गार पाणी.

पाठोपाठ बाकीचं सगळं यायचं. बांधाबांधावरचे पळस पानं झाडून केशरी व्हायचे. काटेसावरीची जाड लाल फुलं धप्पकन खाली पडायची आणि चितळं ती खायला यायची असं शेतावरचे गडी सांगायचे. पळसावर पळसमैनांचे थवे असा गलका करायचे की झाडाखाली उभ्या दोघांना एकमेकांचं ऐकू येऊ नये. या मैना मध्य आशियातून येतात आणि चैत्रात परत जातात, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा वाटायचं की त्या पळसातूनच निघतात. दिवाळीपासून गावोगाव रंगणारी झाडीपट्टीची नाटकं शिमग्याच्या आसपास संपायची. शेवटच्या नाटकाहून रात्री बंडीतून परतताना तलावाचा वास यायचा. चिखल, कमळाची पानं, मासे आणि मोहाचा गोडसर दर्प, सगळं एकात मिसळलेलं.

मोहावर थोडं थांबलंच पाहिजे. मोहाची फुलं पहाटे गळतात. आपल्याला ती तोडायची नसतात, झाड स्वतःच टाकतं. फटफटायच्या आधी टोपली घेऊन बायका-पोरं झाडाखाली पोचलेली असतात, कारण उशीर केला तर गाई-बकऱ्या आधी येतात, आणि जंगलाच्या कडेला अस्वल. टप्, टप्, टप् असा आवाज चालू असतो आणि डोक्यावर, पाठीवर फुलं पडत राहतात. रसाने भरलेली, फिकट पिवळी. आजी ती पारीवर चटई टाकून वाळवायची. पाणी उतरून मोकळी झालेली गाळपेर जमीन दुसरीकडे हिरवी होत असायची. जिथे भाद्रपदात डोंगा चालला, तिथे आता काकडीचे वेल. एकाच जागी मासे आणि काकड्या दोन्ही मिळतात, हे मला लहानपणी जगातलं सगळ्यात साधं सत्य वाटायचं.

आणि पाहुणे निघून जायचे. हिवाळाभर तलाव भरलेला असतो तो पाणपक्ष्यांनी: तलवार बदक, लालसरी, चक्रवाक, आणि शेकड्यांनी वारकरी. पट्टकादंब दिवसा पाण्याच्या कडेला झोपा काढायचे आणि तिन्हीसांजेला ओरडत शेतांकडे जायचे. ते तिबेट-मंगोलियाच्या पठारी सरोवरांवर अंडी घालतात, आणि तिथे पोचायला हिमालय ओलांडतात. फाल्गुनात एखाद्या सकाळी पाण्याचा मधला भाग एकदम मोकळा दिसायचा. मी हिरमुसायची. आबा म्हणायचे, जाणारा गेला की राहणारा दिसतो. खरंच मग टिबुकल्या, हळदी-कुंकू बदकं, कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारे कमळपक्षी असे आपले घरचे नजरेत यायचे. सारसांची जोडी उरलेल्या पाण्याच्या कडेने उतरायची. माणसाएवढा उंच पक्षी, राखाडी अंग, लाल मान. जोडीने मान वर करून ओरडले की पारीपलीकडच्या घरांत ऐकू जायचं.

शिकायला नागपूरला आले तेव्हा वसतिगृहातून फुटाळ्यावर जायचो. भोसल्यांच्या काळातला हा तलाव देखणा आहे, संध्याकाळी गार वारा असतो, पण त्याच्या काठावर पाणी उतरल्याचं कुणाला कौतुक नव्हतं. पुण्यात नोकरीची वर्षं पाषाण तलावाच्या बाजूला गेली. रामनदीवरचा हा तलाव गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्याला पाणी मिळावं म्हणून इंग्रजांनी बांधला. मी तिथे फेब्रुवारीत बदकं पाहायला जायची. जलपर्णीने पाणी झाकलं की दुःख व्हायचं. जी चिखलाची कड मला हवी होती, ती तिथे दिसायचीच नाही.

ती कड मला पुन्हा भेटली अगदी परक्या ठिकाणी. मुलगी अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात राहते, मेंडोटा नावाच्या मोठ्या सरोवराजवळ. एका मार्चमध्ये मी तिच्याकडे होते. तिथला वसंत आमच्या अगदी उलट. आमच्याकडे पाणी जातं तेव्हा तो येतो, तिथे पाणी परत येतं तेव्हा. डिसेंबर-जानेवारीत सरोवर गोठतं, लोक त्यावर चालतात, भोक पाडून मासे धरतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये बर्फ सुटतो. सुटायच्या आधी रात्री तो कण्हतो. शेवटी शेवटी त्याच्या उभ्या कांड्या होतात आणि लाटेवर एकमेकींवर आपटून बांगड्यांसारख्या किणकिणतात. मी काठावर उभी राहून तासन्‌तास ऐकलं.

त्याहून मला भावलं ते त्यांचं टिपण. मेंडोटा कधी गोठलं आणि कधी सुटलं याच्या तारखा तिथले लोक 1850च्या दशकापासून लिहून ठेवत आले आहेत. सरोवर सुटलं हे ठरवायची त्यांची जुनी खूणही गावकीची आहे. पिकनिक पॉइंटपासून मेपल ब्लफपर्यंत होडी जाऊ शकली की सुटलं. या दीडशेहून अधिक वर्षांच्या तारखांतूनच आज कळतं की गोठण्याचे दिवस जवळपास महिनाभराने कमी झाले आहेत. मला आबांची सातवी पायरी आठवली. कुणी लिहून ठेवली असती, तर आमच्याही तलावाची अशी कुंडली निघाली असती.

मुलगी मला बाराबूला घेऊन गेली. तिथे 1973 साली सुरू झालेली क्रौंचांसाठीची संस्था आहे, जगातल्या पंधराच्या पंधरा जातींचे क्रौंच सांभाळणारी. मी एका कुंपणापाशी थबकले. समोर सारस होता. तीच लाल मान, तीच चाल. भर थंडीत, इतक्या दूर. मला रडू आलं, आणि मुलगी काही न बोलता शेजारी उभी राहिली. त्या राज्यातले त्यांचे स्वतःचे सँडहिल क्रौंच 1930च्या दशकात जेमतेम दोन-तीन डझन जोड्यांवर आले होते. पाणथळी राखल्या, शिकार थांबली, आणि आज ते तिथे हजारोंनी दिसतात. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो बहुतेक सगळा आमच्या गोंदियात आणि शेजारच्या भंडाऱ्यात, तोही मूठभर. वसंतात त्याला लागतं ते इतकंच: काठाला उथळ पाणी आणि त्यातले कंद. म्हणजे सावकाश उतरणारा तलाव.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं माहेरच्या घरी राहायला आलो. मला भाऊ नाही, घर माझ्याकडेच आलं. पहिल्या वसंतात पायऱ्या पाहिल्या आणि पोटात कालवलं. होळीला पायऱ्यांचा पायथाही कोरडा होता. 1951मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढण्याची जुनी रीत हळूहळू सुटली. मालगुजार काही देव नव्हते, पण तलाव कुणाच्या तरी अंगावर होता. गाळाने तळ वर आला, पाणी पसरट आणि उथळ झालं, ते उन्हाने भराभर आटतं. काठावर बेशरम नावाची वनस्पती माजली, जी जनावरंही खात नाहीत. तिच्या जाळीखाली ना कमळ वाढतं ना मासा अंडी घालतो.

मला धीर दिला तो धिवर बायकांनी. आमच्या भागात काही तलावांवर धिवर समाजाच्या बायका उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटतात आणि तळ नांगरून पाण्यातल्या देशी वनस्पती लावतात, म्हणजे माशांना खाणं आणि आडोसा दोन्ही मिळतं. कुठल्या माशाला कुठलं गवत लागतं, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आमच्या तलावावरही त्यांनी दोन उन्हाळे काम केलं. गाळ शेतकऱ्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरने शेतात नेला. धानाच्या बांधीला याच्यासारखं खत नाही. त्या चैत्रात मी रोज पारीवर उकडलेला हरभरा आणि ताक घेऊन जायची. बायका चिखलात मांडीपर्यंत उभ्या, वर करंजाला नवी कोवळी पालवी, आणि कोकीळ दिवसभर चालूच. इतका भरलेला वसंत मी आयुष्यात पाहिला नव्हता.

आता मी वही घातली आहे. तारीख, पायरी, कोण आलं, कोण गेलं. शाळेतली दोन मुलं संध्याकाळी पायरी पाहून येतात आणि मी लिहिते. गेल्या होळीला पाचवी पायरी ओली होती. अजून दोन पायऱ्या चढायच्या आहेत, पण पाण्यात कमळाची पानं आहेत आणि कमळपक्षी परत आले आहेत.

मुलगी यंदा नातवाला घेऊन येणार आहे. तिकीट कधीचं काढू, असं तिने विचारलं. मी सांगितलं, माघाच्या शेवटी आलात तर पट्टकादंब भेटतील, पाडव्याला आलात तर मोह. पळस दोन्हीच्या मधे आहे, त्याला चुकवू नका. सगळंच दाखवायचं असेल तर सुट्टी लांब घ्या, आणि त्याच्यासाठी चिखलात घालायचे जुने कपडे आणा.