माशांच्या पिलांची पंगत

मासा आवडीनें खाणारे पुष्कळ भेटतात. मासा स्वतः काय खातो, हें विचारणारा क्वचित् भेटतो. टेंभुर्णीस उतरून उजनीच्या कांठीं गेलों कीं आम्हांस हा दुसरा प्रश्न राहून राहून पडतो. भीमेवरील हें धरण 1980 सालीं पुरें झालें. वाहत्या नदीचा विस्तीर्ण जलाशय झाला, आणि माशांच्या पुढ्यांत वाढलें जाणारें अन्नच पालटलें.

कटला, रोहू व मृगळ हे येथील मानकरी मूळचे गंगेच्या खोऱ्यांतले. साचल्या पाण्यांत ते सहसा वीत नाहींत. 1957 सालीं हिरालाल चौधुरी यांनीं पीयूषग्रंथीचा अर्क टोंचून अशा माशांची वीण घडवून आणली, तेव्हांपासून बीज सोडण्याची वाट मोकळी झाली. अंड्यांतून निघालेल्या पिलास पहिले दोन-तीन दिवस पोटाशीं बांधलेल्या बलकाची शिदोरी पुरते. ती सरली कीं तिन्ही जातींचीं पिलें एकाच पंगतीस बसतात, आणि पंगतींत पदार्थ एकच: डोळ्यांस जेमतेम दिसणारे पाण्यांतले जीव. मोठेपणीं मात्र ज्याचें तोंड त्याची जागा ठरवितें. कटल्याचें तोंड वर वळलेलें. तो पृष्ठभागाजवळचें टिपतो. झालरीच्या ओठांचा रोहू मधल्या थरांत वनस्पती कुरतडतो. मृगळाचें तोंड खालीं, म्हणून त्याच्या वांट्यास तळचा गाळ. कॅस्पियन समुद्रास मिळणाऱ्या नद्यांच्या मुखाशीं स्टर्जनचें पिलूंहि तळच धरतें. परंतु त्यास चार मिशा असतात, त्यांनीं चाचपून तें चिखलांतल्या अळ्या वेंचतें. मृगळाच्या मिशा नांवापुरत्याच.

या सुव्यवस्थित घरांत चिलापी शिरली आहे. 1952 सालीं आफ्रिकेकडील ही जात हिंदुस्थानांत आली. मादी अंडीं व पिलें तोंडांत सांभाळते. तोंवर स्वतः फारसें खातहि नाहीं. इतकी वत्सल माता! पण दुसऱ्यांचीं पिलें दिसलीं कीं हें वात्सल्य कोठें जातें कोण जाणे. त्यांतून पुण्याचें सांडपाणी मुळा-मुठेवाटे येथेंच येतें. त्यानें शेवाळ माजतें, आणि शेवाळ तर तिचें आवडतें अन्न.

पिलांचें खरें कुरण म्हणजे कांठचें उथळ, उन्हानें तापलेलें पाणी. धरणाचा साठा सुमारे 117 अब्ज घनफूट. त्यांतील 63 मृतसाठा. उन्हाळ्यांत उरलेलें पाणी सरलें कीं हें कुरण उघडें पडतें. जें बीज पाण्याबरोबर आंत सरकतें, त्यास बारीक डोळ्यांचें जाळें गांठतें. कोळ्यांस दोष देणें आम्हांस साधत नाहीं. आज रात्रीं चूल पेटावयाची असतां दोन वर्षांनंतरच्या कटल्याची वाट कोण पाहील? पण बाजारच्या पाटींत चिलापीखालीं दबलेला बोटभर रोहू दिसतो, तेव्हां आम्ही भाव न विचारतां पुढें जातों. त्याची पहिली पंगतहि अजून उठलेली नसते.