सोपाऱ्याची पेटी

पश्चिम रेल्वेच्या लोकलने विरारकडे जाताना नालासोपारा हे स्टेशन लागते. तेथे पश्चिमेला उतरून सोपारा गावाकडे रिक्षा केली, की झाडांच्या सावलीत विटांचा एक जुना ढिगारा दिसतो. त्याला कळस नाही की रंगरंगोटी नाही. परंतु प्रत्येक बौद्ध कुटुंबाने मुलाबाळांसह एकदा तरी पाहावे असे हे स्थळ आहे. हा सोपाऱ्याचा स्तूप! याच्या पोटात धम्माचा ठेवा, कुणालाही ठाऊक नसताना, शतकानुशतके सुरक्षित राहिला.

आजच्या मुलांना ही गोष्ट एका खेळावरून चटकन समजेल. २००० साली अमेरिकेत जिओकॅशिंग नावाचा खेळ सुरू झाला. एकाने डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी उपग्रहाच्या मदतीने तो शोधायचा. पुढे डब्याची देखभाल करणारा उरला नाही, की त्याची नोंद यादीतून काढली जाते. तरी काही हौशी मंडळी असे बाद झालेले डबे मुद्दाम शोधत फिरतात. कारण नोंद गेली म्हणून डबा गेलाच असे नसते. आपल्या धम्माच्या बाबतीत या देशात नेमके हेच घडले.

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. पश्चिम किनाऱ्यावरचे हे मोठे बंदर होते. ‘दिव्यावदान’ या ग्रंथात येथल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. पूर्ण हा दासीच्या पोटी जन्मला, म्हणून सावत्र भावांनी त्याला बापाच्या संपत्तीत वाटा दिला नाही. त्याने स्वतःच्या हिमतीवर व्यापार केला, पुढे तो भगवान बुद्धांचा भिक्खू झाला आणि आपल्या मुलखात त्याने धम्म आणला. ज्याला घरात वाटा नव्हता, त्याने गावाला धम्माचा वाटा दिला!

पुढे बंदर गाळाने बुजले, विहार ओस पडले. स्तूप कशाला म्हणतात हेही लोक विसरले. या टेकाडाला ते ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणू लागले. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपे विणणारा कष्टकरी. संस्कृतात सुपाला शूर्प म्हणतात. शूर्पारक या नावावरूनच हा सुपे विणणारा राजा लोकांच्या कल्पनेत आला असावा, असे वाटते.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खोदले. मधोमध विटांची कोठी लागली आणि तिच्यात दगडी पेटी सापडली. पेटीत तांब्याचा करंडक होता, त्याच्याभोवती कांस्याच्या आठ लहान मूर्ती बसवलेल्या होत्या. तांब्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक! त्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे बारीकसे तुकडे. ते भगवंताच्या भिक्षापात्राचे असावेत, असे मानले गेले. सोन्याच्या आत माती जपणारी ही माणसे केवढी श्रद्धावान असतील!

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पेटीत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे मिळाले. तो काळ इसवी सनाचे दुसरे शतक. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या आहेत, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे मधल्या काळात ही पेटी कुणीतरी उघडली, तीत मूर्ती ठेवल्या आणि ती पुन्हा नीट बंद केली. हाती ठेवा आला असता त्यांनी तो लुटला नाही, उलट त्यात भर घातली. हे करंडक आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

सर्वच ठेव्यांचे नशीब असे नव्हते. उत्तर प्रदेशात पिप्रहवा येथे १८९८ साली पेपे नावाच्या जमीनदाराने स्तूप खोदला. तेथे बुद्धधातू आणि रत्ने मिळाली. त्यातली काही रत्ने पेपे घराण्याकडेच राहिली. २०२५ साली ती हाँगकाँगला लिलावात निघाली होती. भारत सरकारने हरकत घेतली, लिलाव थांबला आणि त्याच वर्षी जुलैत ती रत्ने मायदेशी आली. परंतु याच पिप्रहव्यात पुरातत्त्व खात्याने १९७०च्या दशकाच्या आरंभी अधिक खोल खोदले, तेव्हा जुन्या पेटीच्याही खाली आणखी धातुकरंडक सापडले! खोदून संपले असे जग समजत होते, तेथे ठेवा तसाच होता.

सोपाऱ्यालाही असेच घडले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इंद्रजींना येथे १८८२ सालीच मिळाला होता. शिकारीच्या सहली सोडून आपण संबोधीला गेलो व धम्मयात्रा सुरू केली, असे त्या लेखात सम्राट सांगतो. मग १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. पोकळ विधींपेक्षा धम्माचरण श्रेष्ठ आणि दास-नोकरांशी नीट वागणे हेच खरे मंगल, असा त्याचा आशय. ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला आपल्याला धम्म दिला, त्याच वर्षी आपल्या किनाऱ्याने अशोकाचा हा दगड परत दिला! हा निव्वळ योगायोग खरा. पण मन भरून येते.

तेव्हा बंधूभगिनींनो, एखाद्या रविवारी डबा बांधून सोपाऱ्याला जा. मुलांना स्तूप दाखवा, पण वीट हलवू देऊ नका, विटेवर नाव कोरू देऊ नका. आणि आपापल्या गावी गेलात की डोळे उघडे ठेवा. एखाद्या टेकाडाचे विचित्र नाव, शेंदूर फासलेली जुनी मूर्ती, नांगराला लागलेली मोठी वीट, यांची विचारपूस करा. वहीत टिपून ठेवा, फोटो घ्या. मात्र स्वतः कुदळ मारू नका. तहसील कचेरीला, पुरातत्त्व खात्याला कळवा. खाजगी कुदळीने एकदा ठेवा विस्कटला, की तो कुणाचा हे सांगणारा पुरावाच नाहीसा होतो. मग बिल्डरचा पाया त्यावर चढायला वेळ लागत नाही.

आपल्या पूर्वजांची नोंद कित्येक वह्यांतून खोडली गेली आहे. परंतु पेट्या अजून जागेवर असतील. त्या शोधणे आणि जपणे हे आता आपल्या मुलांचे काम आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!