कसर

मराठीत ‘कसर’ हा शब्द तीन ठिकाणी भेटतो. हिशोबात जे कमी पडते ती कसर. ती पुढच्या हंगामात भरून काढायची असते. खर्च आवळून जे मागे उरते तीही कसर. ‘काटकसर’ या जोडशब्दात ती सुखाने नांदते. आणि जुन्या पोथ्यांना, ठेवणीतल्या शालूंना आतून कुरतडणारा जो बारीक किडा, त्याचेही नाव कसरच. या तिन्ही अर्थांचा उगम एक असो वा नसो, भाषेने त्यांना एका उच्चाराखाली बसवून ठेवले आहे. लहान व्यापाऱ्याच्या आयुष्यातही ते असेच दाटीने राहतात. आज केलेली कसर ही उद्याची शिल्लक की धंद्याला आतून लागलेला किडा, हे बहुधा वर्ष सरल्यावरच उमगते. खर्च केव्हा करावा आणि हात केव्हा आखडावा, हा प्रश्न वाणिज्य शाखेचा समजला जातो. आम्हांला मात्र तो वाचनाचा प्रश्न वाटतो. समोर आलेल्या खर्चाचा अर्थ लावता आला, की त्याचे उत्तर निम्मे हाती येते.

मराठीच्या अध्यापकांना बाजार कळण्याचे कारण नाही, असे कोणी म्हणेल. परंतु महाविद्यालयाचा वार्षिकांक काढायचा तर जाहिराती मागत हिंडावे लागते, आणि पंधरा-अठरा वर्षे नंदुरबार, शहादा, तळोदा इथल्या दुकानांच्या पायऱ्या चढल्यावर थोडाबहुत बाजार अंगी लागतोच. ‘शुभेच्छांसह’ असे छापलेले पाव पान ही दुकानदाराच्या वर्षाची नाडी असते. वर्ष ओढगस्तीचे गेले, की पहिली कात्री त्या पाव पानावर चालते. आम्हांला याचे वैषम्य कधी वाटले नाही, कारण वार्षिकांकातली जाहिरात वाचून कोणी साखर विकत घ्यायला जात नाही. तो भिडेखातर केलेला खर्च आहे. महाविद्यालयाजवळच्या एका झेरॉक्सवाल्याने हे आम्हांला फार नेमके सांगितले होते : “सर, यंदा जाहिरात राहू द्या. त्या पैशांत मशिनचा ड्रम बदलतो. अक्षर फिकट यायला लागलं तर तुमचीच पोरं दुसऱ्या दुकानात जातील.” वार्षिकांकात त्याचे नाव एकदा छापले गेले असते, काळेभोर अक्षर रोज शेकडो कागदांवरून त्याचे नाव सांगणार होते. कात्री कुठे लावायची आणि कुठे नाही, हे ज्याला इतके स्वच्छ दिसते त्याला अर्थशास्त्र कोणी शिकवावे?

हाच प्रश्न मोठ्या पटावर पाहायचा असेल तर नंदुरबारच्या मिरचीकडे पाहावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजार समितीत ओली लाल मिरची उतरू लागते. व्यापारी ती ओलीच घेतात आणि शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर उन्हात पसरतात. या जागांना ‘पथारी’ म्हणतात. दूरवरून पाहणाऱ्याला जमिनीवर लाल वस्त्र अंथरल्यासारखे वाटते. पण ज्याची पथारी आहे त्याचे लक्ष जमिनीइतकेच आभाळाकडे असते. पैसे मोजले आहेत ओल्या वजनाचे, हाती यायचे आहे वाळल्या वजनाचे. मधल्या दिवसांत सारे भांडवल उघड्यावर पडलेले. त्यातच मिरची वरखाली करायची, देठ खुडायचे, पांढुरकी पडलेली बाजूला काढायची. हे सारे काम हातांचे.

अशा वेळी नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस झाला तसा अवकाळी पाऊस येतो. भिजलेल्या मिरचीचा रंग जातो, तिला बुरशी धरते, आणि रंग गेला की भाव गेला. ताडपत्रीचा खर्च या जागी उभा करून पाहावा. आभाळ निरभ्र असताना ताडपत्री म्हणजे अडकून पडलेला पैसा; सलग दोन-तीन वर्षे पाऊस आला नाही तर ती शुद्ध उधळपट्टी वाटू लागते. ढग दाटल्यावर ती आणायला धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. शिवाय ताडपत्री आपण होऊन पसरत नाही. तासाभरात मिरचीचे ढीग करून झाकायचे तर माणसे लागतात, आणि तीही सरावाची. म्हणून पथारीचे खरे छप्पर ताडपत्रीचे नसून तिथल्या मजुरांच्या हातांचे आहे, असे म्हणावेसे वाटते.

नेमकी इथेच सर्वांत सोपी काटकसर वाट पाहत उभी असते. जागेचे भाडे कमी होत नाही, व्याज थांबत नाही, शेतकऱ्याचा भाव पाडायचा तर तो गाडी दुसऱ्या दारात नेतो. मजुरी तेवढी तोंडी ठरलेली असते; ती दहा रुपयांनी उतरवायला कागद लागत नाही की शाई. व्यापारी दुष्ट असतो असे आम्ही म्हणत नाही. तोही लहानच असतो. त्याचा वाळलेला माल उधारीवर जातो, आणि पैसा यायला कधीकधी पुढचा हंगाम उजाडतो. पण सोप्या जागी लावलेली कात्री योग्य जागीच लागते असे नाही. 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के आदिवासी वस्ती असलेल्या या जिल्ह्यातून दर हिवाळ्यात कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात. इथे मजुरी उतरली, की सरावाचा हात त्या वाटेला लागतो, आणि पुढच्या वर्षी ढग आल्यावर पथारीवर उरतात नवखी माणसे.

आमच्या वर्गातल्या काही मुलींच्या आया पथारीवर देठ खुडतात. सुट्टीच्या दिवशी मुलीही सोबत जातात. प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले होते, की आई कामावरून आल्यावर धाकट्या भावाला लगेच उचलून घेत नाही. आधी हातांना तेल चोळते, मग धुते, आणि तरीही त्याच्या डोळ्यांपासून बोटे दूर ठेवते. त्या निबंधात शुद्धलेखनाच्या पुष्कळ चुका होत्या. त्या दुरुस्त करताना आमचे लाल पेन मात्र या वाक्यापाशी थांबले. दहा रुपयांची कसर कोणाच्या ताटातून निघते, हे त्या मुलीने कुठलाही आक्रोश न करता सांगून टाकले होते.

दुसरे उदाहरण याच जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरचे. 18 फेब्रुवारी 2006 रोजी नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लूची लागण झाल्याचे जाहीर झाले. भारतातली ती पहिली नोंद. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, अंड्यांचे ट्रे पुरले गेले, आणि नवापूर हे नाव एका रात्रीत देशभर झाले. मालकांनी मोडलेला धंदा पुन्हा उभा केला. फेब्रुवारी 2021 मध्ये तोच रोग परत आला आणि पुन्हा लाखो पक्षी मारले गेले. दारात जंतुनाशक ठेवणे, बाहेरची वाहने आत न घेणे, रानपाखरे अडवणारी जाळी लावणे, या खर्चांचा स्वभावच असा, की ते सफल झाले तर काहीही घडत नाही. जे घडलेच नाही त्याची पावती फाडता येत नाही. म्हणून मंदी आली की हेच खर्च आधी बंद होतात, तर दर्शनी भागाचा नवा फलक, कर्ज काढून केलेली रोषणाई चालू राहते. कारण ती दिसते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण ज्यांनी केली, त्यांना हा दिखाऊ खर्च चांगला ओळखता येत होता.

मिरचीचाच विषय निघाला म्हणून तुकोबांची आठवण होते. महिपतींनी सांगितलेल्या कथेत तुकोबा मिरच्या घेऊन कोकणात विकायला जातात. गिऱ्हाइके हवी तेवढी मिरची उचलून नेतात, आणि अखेर विठ्ठलालाच वसुलीला यावे लागते. वर्गात आपण ही भोळ्या भक्तीची कथा म्हणून शिकवतो. पथारी पाहिलेल्या विद्यार्थ्याला तीत उधारीने बुडालेला लहान व्यापारीही दिसतो. त्याहून बोलका प्रसंग कर्जखतांचा. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात घर आणि दुकान दोन्ही मोडल्यावर तुकोबांनी खते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. पण तीच परंपरा हेही सांगते, की निम्मी खते त्यांनी आधी धाकट्या भावाला, कान्होबांना देऊन टाकली आणि बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. वैराग्याच्या कौतुकात हा तपशील हरवतो. ज्या माणसाला साऱ्याच हिशोबाचा वीट आला होता, त्यानेही दुसऱ्याच्या वाट्याला हात लावला नाही.

लहान व्यावसायिकाला सल्ला देण्याचा अधिकार आम्हां पगारदारांना नाही. महिन्याच्या ठरल्या दिवशी ज्याचे वेतन जमा होते, त्याने जोखमीविषयी फार बोलू नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरेच, आणि ज्याचे अंथरूणच तोकडे त्याला ताडपत्री घ्या म्हणणे सोपे आहे. पण इतक्या वर्षांच्या हिंडण्यातून एवढे मात्र दिसले, की टिकलेल्या दुकानदारांनी आधी आपल्या मिरवण्याला कात्री लावली आणि मग आपल्या सोयींना. मालाच्या कसाला आणि कामाच्या हातांना त्यांनी शेवटपर्यंत जपले. खर्च करायचा तो त्यांनी संकटाच्या आधी केला. संकट ओसरल्यावर हात आखडला. बुडालेल्यांपैकी अनेकांचा क्रम नेमका उलटा होता.

आपल्या जुन्या वहीखात्यात पानाच्या एका बाजूला ‘जमा’ असते आणि दुसऱ्या बाजूला ‘नावे’. मजुरी खर्ची टाकायची तर ती मजुरीखाती नावे मांडतात. रोज वापरून हा शब्द इतका गुळगुळीत झाला आहे, की त्यात माणसांची नावे दडली असतील असे कोणाच्या मनातही येत नाही. त्या बाजूची एखादी रक्कम खोडण्यापूर्वी ती कोणाच्या नावे होती, एवढे जरी वाचले गेले, तरी कसर कुठे करायची याचा उलगडा होऊ लागेल.