ढगातले दाखल-खारीज

भंडारा जिल्ह्यात ढग म्हटले की धान आठवते. रोवणीच्या दिवसांत सारे आकाशाकडे पाहतात. गेल्या ईदला मात्र आमची एक जुनी विद्यार्थिनी शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन म्हणाली, "सर, मी ढगातच नोकरी करते!"

ती पुण्यात क्लाउड डेटा आर्किटेक्ट आहे. बँका, दवाखाने आपली माहिती आता मोठ्या कंपन्यांच्या दूरच्या यंत्रांवर भाड्याने ठेवतात; त्यालाच क्लाउड म्हणायचे. त्या माहितीचे घर कसे बांधायचे, कुलूप कुठे लावायचे, किल्ली कुणाला द्यायची, हे ती ठरवते. त्यावर कायद्याचा पहारा असतो. पैशांच्या डिजिटल व्यवहारांची माहिती भारतातच साठवा, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये काढला. 2023 मध्ये तिनेच बजावले, की संगणकाचे काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेचीच. त्याच वर्षी संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. आपल्याविषयीची चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात लिहिला आहे.

आम्हाला हसू आले. "बेटा, हे तर आमचे दाखल-खारीज रजिस्टर झाले!" मुलाचे नाव, जन्मतारीख एकदा लिहिली की लिहिली. व्हाइटनर चालत नाही. दुरुस्तीला वरून मंजुरी लागते. मग लाल शाई, सही, तारीख.

"आमचेही तेच, सर. जुने मिटवायचे नाही. कुणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते. पण लिहिणाऱ्यानेच मुळात चूक लिहिली तर?"

आम्ही गप्प झालो. तिला ठाऊक नव्हते, पण बोट नेमके दुखऱ्या जागी पडले होते.

आमच्या शाळेत हजेरी उर्दूत, दाखल-खारीज मराठीत आणि संगणकावरची माहिती इंग्रजीत. एका मुलाला दाखल करताना आम्ही घाईत 'मोहम्मद'चे 'मो.' केले. आपल्यात सगळेच तसे लिहितात. आधार कार्डावर पूर्ण नाव, पासबुकावर तिसरेच. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती 2022-23 पासून फक्त नववी-दहावीला उरली. म्हणजे त्या पोराच्या हातात दोनच वर्षे. त्यातले एक नाव जुळत नाही म्हणून गेले.

त्याची आई बिड्या वळते. ती शाळेत आली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "सर, पोरगा तर एकच आहे ना?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. तिच्यासोबत प्रतिज्ञापत्रासाठी फिरलो. आमचा पगार चालू होता. तिची मजुरी बुडत होती. चूक आमच्या पेनाची, दंड तिला.

हे ऐकून विद्यार्थिनी म्हणाली, "सर, यंत्राला 'मो.' म्हणजे 'मोहम्मद' हे आपणहून कळत नाही. कुणीतरी शिकवावे लागते. आमच्या एका कामात अशी नावे थेट नाकारली जात होती. मी बैठकीत म्हटले, नाकारू नका. बाजूला काढा, माणसाला पाहू द्या. तिथे कुणालाच हा प्रश्न सुचला नव्हता. कुणाच्याच घरी 'मो.' नव्हता."

आपल्या मुलींनी शिकून काय करायचे, असे अजूनही आम्हाला विचारले जाते. अशा बैठकीत बसायचे, हे एक उत्तर आता आमच्याजवळ आहे.

आणि आमच्यापुरते? हल्ली दाखल करताना आम्ही आधी आधार कार्ड मागतो. पूर्ण नाव सावकाश लिहितो. मग रजिस्टर आईपुढे धरून अक्षर-अक्षर वाचून दाखवतो. रांग लांबते, मुख्याध्यापक घड्याळ पाहतात. पाहू द्यात.